खासदाराने कुणाचं ऐकावं? पर्थशायरमधली एक पोटनिवडणूक

२१ डिसेंबर १९३८. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांपैकी एक. स्कॉटलंडच्या पर्थशायर परगण्यात या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. त्यात त्या दिवशी बर्फ पडत होता. रस्ते बुजत चालले होते आणि डोंगरकुशीतल्या वस्त्यांपासून मतदान केंद्र मैलोन्‌मैल लांब होतं. ज्याच्याकडे मोटार होती किंवा ज्याला न्यायला मोटार येत होती, त्याचं ठीक होतं. बाकीच्यांनी चालत जायचं, नाहीतर घरी शेकोटीजवळ बसायचं.

किनरॉस आणि पश्चिम पर्थशायर या मतदारसंघात त्या दिवशी ब्रिटिश संसदेची पोटनिवडणूक होती. उमेदवार दोनच. एक विल्यम मॅकनेअर स्नॅडन. ते त्याच भागातले शेतकरी, जातिवंत गुरांची पैदास करणारे आणि सत्ताधारी हुजूर (कॉन्झर्वेटिव्ह) पक्षाचे उमेदवार. दुसऱ्या अ‍ॅथलच्या डचेस, कॅथरीन स्टुअर्ट-मरे, वय ६४. त्याच पक्षाच्या तिकिटावर त्या १९२३ पासून पाच वेळा इथून निवडून आल्या होत्या. या वेळी मात्र अपक्ष उभ्या होत्या. मतमोजणीत स्नॅडन यांना ११,८०८ मतं पडली आणि डचेसना १०,४९५. फरक १,३१३. म्हणजे ६५७ माणसांनी बाजू बदलली असती तरी निकाल फिरला असता.

एका डोंगराळ, ग्रामीण मतदारसंघाची ऐंशीपेक्षा जास्त वर्षांपूर्वीची ही पोटनिवडणूक मी आज उकरून काढतो आहे, कारण आपल्याकडे ज्या प्रश्नावर रोज बोललं जातं आणि तरीही ज्याचं नेमकं उत्तर कुणी देत नाही, तो प्रश्न तिथे अगदी उघडावाघडा होऊन समोर आला होता. निवडून आलेल्या माणसाने कुणाचं ऐकायचं? पक्षाचं, मतदारांचं, की स्वतःच्या विवेकाचं? आणि या तिघांचं जमेनासं झालं, तर त्याची किंमत कुणी ठरवायची?

आधी या बाईंबद्दल. त्यांचं आयुष्य सरळ रेषेत मांडता येत नाही, आणि म्हणूनच त्या मला महत्त्वाच्या वाटतात. पहिल्या महायुद्धाआधी स्त्रियांना मताचा अधिकार देऊ नये असं म्हणणाऱ्यांत त्या होत्या. पुढे त्या स्वतःच स्कॉटलंडमधून निवडून आलेल्या पहिल्या महिला खासदार झाल्या, आणि १९२४ मध्ये शिक्षण खात्यात उपमंत्रिपद मिळालं तेव्हा हुजूर पक्षाकडून मंत्रिमंडळात काम करणारी पहिली स्त्रीही त्याच ठरल्या. मूळच्या संगीतातल्या, जर्मन उत्तम येणाऱ्या, इतिहासकार बापाची लेक. नवरा अ‍ॅथलचा आठवा ड्यूक. ब्लेअर कॅसल हे त्यांचं घर. ड्यूकच्या पदवीपूर्वी हा नवरासुद्धा याच भागाचा खासदार होता. घराणं, जमीन, पक्ष, सगळं एका बाजूचं. अशा बाईने पक्षाविरुद्ध उभं राहायचं म्हणजे स्वतःच्याच गावकीविरुद्ध उभं राहायचं.

आता एक गोष्ट, जी मराठी वाचकाला खुपेल आणि खुपायलाच हवी. १९३५ मध्ये भारत सरकारचा कायदा संसदेत आला, तेव्हा याच डचेस त्याच्या कडव्या विरोधक होत्या. चर्चिलच्या बाजूने उभ्या राहून, भारतीयांच्या हाती इतका कारभार देऊ नका असं त्या सांगत होत्या. ज्या कायद्याखाली १९३७ च्या निवडणुका झाल्या, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं, डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून विधानसभेत बसले, तो कायदाच त्यांना नको होता. आपल्याला तो कायदा तोकडा वाटत होता, त्यांना तो फार सढळ वाटत होता. त्या चुकल्या होत्या, यात मला काडीमात्र शंका नाही. आणि या चुकीच्या मतापायी त्यांनी १९३५ च्या मे महिन्यात पक्षाचा व्हिप सोडला. सरकारच्या देशांतर्गत धोरणावरचा रागही त्यात होता, पण मुख्य कारण भारत.

व्हिप सोडला म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. त्यांनी पक्षाचा आदेश नाकारला, पक्षाच्या शिस्तीबाहेर जाऊन बसल्या. पण खासदारकी गेली नाही. कुणी त्यांना अपात्र ठरवलं नाही, कुणी सभापतींकडे अर्ज घेऊन धावलं नाही. काही महिन्यांनी, युरोपचं आभाळ भरून येताना दिसलं, तेव्हा त्या परत पक्षात आल्या आणि त्याच वर्षाअखेरच्या सार्वत्रिक निवडणुकीत पुन्हा निवडून आल्या. ज्या मोकळीकीमुळे त्यांना आपल्या स्वातंत्र्याच्या आड येता आलं, त्याच मोकळीकीमुळे पुढे त्यांना हिटलरच्या आड येता आलं. मला या लेखात जे म्हणायचं आहे त्याचं मूळ इथे आहे. विवेकाचं स्वातंत्र्य ज्याचं मत बरोबर त्यालाच द्यायचं असं ठरवलं, तर ते कुणालाच मिळणार नाही; कारण कुणाचं मत बरोबर होतं हे त्या दिवशी कळत नसतं.

हिटलरचं प्रकरण असं. ‘माइन काम्फ’चा जो इंग्रजी अनुवाद १९३३ मध्ये निघाला, तो काटछाट केलेला होता. डचेसनी मूळ जर्मन पुस्तक वाचलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेजारच्या देशांवर चाल करण्याची भाषा जिथे उघड होती, तिथलं बरंच काही इंग्रजीत आलेलंच नाही. त्यांनी त्या गाळलेल्या भागांचे अनुवाद करून चर्चिलसारख्यांना पाठवले. हे काम खासदाराच्या कामांच्या कुठल्याही यादीत बसत नाही. पण टेबलावर दोन पुस्तकं उघडी ठेवून, एकेका परिच्छेदावर बोट ठेवत, हे तिकडे आहे आणि इकडे नाही, असं तपासत बसलेली ती बाई मला त्या काळच्या कित्येक मंत्र्यांपेक्षा जास्त जबाबदार वाटते. बाकीच्यांनी दुसऱ्याने छाटून दिलेलं वाचलं आणि त्यावर परराष्ट्र धोरण आखलं.

मग स्पेन. १९३७ च्या एप्रिलमध्ये अपक्ष खासदार एलेनॉर रॅथबोन आणि मजूर पक्षाच्या एलन विल्किन्सन यांच्याबरोबर त्या यादवी युद्धात होरपळणाऱ्या स्पेनला गेल्या. लोकनियुक्त सरकारविरुद्ध बंड करणाऱ्या फ्रँकोला जर्मनी आणि इटली विमानं आणि माणसं पुरवत होते, आणि ब्रिटन ‘हस्तक्षेप नको’ म्हणत हात बांधून बसलं होतं. स्पेनच्या मदतीसाठी सर्व पक्षांची जी संयुक्त समिती होती, तिच्या त्या अध्यक्ष. त्या वर्षी मे महिन्यात बास्क प्रांतातली सुमारे चार हजार मुलं ‘हबाना’ नावाच्या जहाजातून साउथॅम्प्टनला आणली गेली, त्यामागे या समितीची धडपड होती. इथपासून वृत्तपत्रांनी त्यांना ‘लाल डचेस’ म्हणायला सुरुवात केली. साम्यवादाशी त्यांचं आयुष्यात कधी जमलं नाही; सोव्हिएत रशियातल्या वेठबिगारीविरुद्ध त्यांनी आधीच लिहिलं होतं. पण एकदा नाव पडलं की पडलं. गावात एखाद्याला ठेवलेलं नाव जसं त्याच्या मुलाबाळांपर्यंत चिकटतं, तसं.

१९३८ च्या एप्रिलमध्ये स्पेन आणि इटलीच्या प्रश्नावरून त्यांनी दुसऱ्यांदा व्हिप सोडला. सप्टेंबरअखेर म्युनिकचा करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकणारा. पंतप्रधान चेंबरलेन कागद हलवत परतले, देशाने सुटकेचा श्वास टाकला. संसदेत ३६६ विरुद्ध १४४ मतांनी धोरणाला मंजुरी मिळाली. सत्ताधारी बाजूचे तीसच्या आसपास सदस्य मतदानाला उठले नाहीत, एका मंत्र्याने, डफ कूपर यांनी, राजीनामा दिला. डचेसनी म्युनिकवर जाहीर टीका केली. आणि मग मतदारसंघातल्या पक्षसंघटनेने बैठक घेऊन बहुमताने ठरवलं की पुढच्या निवडणुकीला आम्ही दुसरा उमेदवार शोधणार.

इथे त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. गप्प बसून मुदत संपेपर्यंत खासदार राहायचं. सार्वत्रिक निवडणूक १९४० पर्यंत लांबू शकत होती. किंवा आत्ताच राजीनामा देऊन लोकांना विचारायचं. त्यांनी दुसरी वाट धरली. ब्रिटिश खासदाराला सरळ राजीनामा देता येत नाही, हा तिथला १६२४ पासूनचा दंडक. त्याला राजाकडून एक नाममात्र पगारी पद मागून घ्यावं लागतं. चिल्टर्नच्या डोंगरातल्या, जुन्या काळच्या तीन तालुक्यांची देखरेख करणारा कारभारी, असं ते पद. काम काहीच नाही. ते पद घेतलं की खासदारकी आपोआप रिकामी होते. नोव्हेंबरअखेर डचेसनी ते पद मागितलं, आणि महिनाभरात मतदान लागलं.

प्रचार फक्त एकाच प्रश्नावर व्हावा असा त्यांचा हट्ट होता: परराष्ट्र धोरण. फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया यांना बरोबर घेऊन हिटलरला अडवायचं, की त्याला देत देत शांत ठेवायचं? मजूर पक्षाने उमेदवार दिला नाही. उदारमतवादी पक्षाच्या श्रीमती कोल मॅकडोनल्ड मैदानात उतरायच्या होत्या, त्या सामना सरळ व्हावा म्हणून बाजूला झाल्या. पण त्यांच्या पक्षाची सगळी मतं काही डचेसच्या पदरात पडली नाहीत.

दुसऱ्या बाजूला सरकारने सगळी ताकद ओतली. पक्षाचे खासदार मोठ्या संख्येने प्रचाराला उतरले. स्नॅडनना मत म्हणजे शांततेला मत आणि डचेसना मत म्हणजे युद्धाला मत, असा सूर लागला. जमीनदार तर बहुतेक सगळे एका बाजूला. त्या प्रचाराबद्दल लिहून ठेवलेलं आहे की काही मालकांनी मजुरांच्या त्या आठवड्याच्या पगाराच्या पाकिटात जादा पैसे घातले आणि बरोबर स्नॅडन यांच्यासाठी चिठ्ठी जोडली; कुणी कुळांना खंडात सूट दिली. मतदान गुप्त असतं हे कायद्याने सांगितलेलं असतं. पण ज्याचं घर मालकाच्या जमिनीवर आहे, ज्याची मुलं मालकाच्या कुरणात गुरं राखतात, त्याच्या हातात ते पाकीट पडतं तेव्हा गुप्ततेवर त्याचा विश्वास किती उरत असेल? आपल्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री दारावर थाप पडलेली ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

चर्चिल प्रचाराला आले नाहीत. पाठिंब्याचं पत्र पाठवलं, तेवढंच. त्यांच्याच एपिंग मतदारसंघात त्यांच्याविरुद्ध धुसफूस सुरू होती. दुसऱ्याच्या आगीत उडी घेतली तर आपलं घर पेटेल, ही भीती. मी त्यांना दोष देत नाही. पण एवढा मोठा वक्ता, एवढा मोठा बंडखोर, तोही पक्षाच्या दाराबाहेर पाऊल टाकताना थबकतो, यावरून पक्षयंत्रणेची पकड काय असते ते कळतं. आणि ती पकड कुठल्याही कायद्याने दिलेली नव्हती. तिकीट, पैसा, गाड्या, कार्यकर्ते आणि ओळखीपाळखी एवढ्यावरच ती उभी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मतदार चुकले का? मला हा प्रश्न सोपा वाटत नाही. मागून पाहणाऱ्याला उत्तर तयार असतं. मतदानानंतर बरोब्बर ८४ दिवसांनी, १५ मार्च १९३९ ला, हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि म्युनिकचा कागद फाटला. पण बर्फातून मत द्यायला गेलेल्या माणसाला मार्च ठाऊक नव्हता. त्याला १९१४ ते १९१८ ठाऊक होतं. पर्थ हे ‘ब्लॅक वॉच’ पलटणीचं ठाणं. त्या भागातल्या कुठल्याही लहानशा गावात गेलात तर चौकात किंवा चर्चच्या आवारात दगडी स्मारक दिसतं, आणि त्यावर एकाच आडनावाची दोन-तीन नावं एकाखाली एक कोरलेली दिसतात. भाऊ असणार, किंवा चुलतभाऊ. ज्या आईने त्या दगडावरून बोट फिरवलेलं आहे, तिने ‘शांतता’ लिहिलेल्या बाजूला मत टाकलं, तर तिला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही. एडिनबराच्या किल्ल्यावरचं स्कॉटलंडचं राष्ट्रीय युद्धस्मारक, ज्यात लाखाहून जास्त मृतांची नावं जपलेली आहेत, ते उभं राहावं म्हणून सगळ्यात जास्त खपलेला माणूस म्हणजे डचेसचे पती, खुद्द ड्यूक. त्याच घरातल्या बाईला ‘युद्धखोर’ म्हटलं गेलं. युद्धात माणसं मरतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिचं म्हणणं एवढंच होतं की आज नाही अडवलं तर उद्या जास्त मरतील.

शेतकऱ्यांची एक तक्रार होती, आणि ती रास्त होती. आमच्या मालाला भाव नाही, आणि आमच्या खासदारबाई स्पेनच्या गोष्टी करतात. खासदार हा मतदारसंघाचा वकील की देशाचा पंच, हा वाद तिथेही होता, इथेही आहे. स्नॅडन शेतीतले होते. पुढे १९५५ पर्यंत ते खासदार राहिले, स्कॉटलंडसाठीच्या मंत्रालयात कनिष्ठ मंत्रीही झाले. त्यांना मत देणारा प्रत्येक जण चेंबरलेनच्या प्रेमात होता असं समजायचं कारण नाही. कित्येकांना गुरांतलं कळणारा माणूस हवा होता.

तरीही ४७ टक्के मतं डचेसना पडली. पक्ष नाही, जमीनदार विरोधात, बर्फ, अंधार, आणि दूर देशांचा प्रश्न घेऊन उभी असलेली अपक्ष बाई. त्याआधीच्या दोन महिन्यांत ऑक्सफर्डला बॅलिऑल कॉलेजचे प्रमुख लिंडसे म्युनिकच्या विरोधात उभे राहून हरले होते, ब्रिजवॉटरला पत्रकार व्हर्नन बार्टलेट त्याच मुद्द्यावर अपक्ष म्हणून जिंकले होते. लोकांची मतं हलत होती. आणि ती हलताहेत हे कळायची साधनं तेव्हा फार थोडी होती. पोटनिवडणूक ही नाडीपरीक्षा होती.

मला जो वाद घालायचा आहे तो इथून पुढे. डचेसनी राजीनामा द्यायला नको होता, असं माझं मत आहे. त्यांच्या धाडसाबद्दल मनात पूर्ण आदर ठेवून म्हणतो. त्यांनी पक्ष बदलला नव्हता, कुठलं पद घेतलं नव्हतं, कुणाशी सौदा केला नव्हता. १९३५ मध्ये लोकांनी ज्या बाईला निवडून दिलं, ती तीच होती. हिटलरबद्दल ती आधीपासून तेच बोलत होती. मग पुन्हा परवानगी कशासाठी मागायची? राजीनामा दिला म्हणून संसदेतला एक शहाणा आवाज पुढच्या सतरा महिन्यांच्या सगळ्यात नाजूक काळात बाहेर राहिला. १९४० च्या मे महिन्यात नॉर्वेच्या मोहिमेवरून चेंबरलेन सरकारला जाब विचारला गेला, तेव्हा सत्ताधारी बाजूच्या चाळीसच्या आसपास सदस्यांनी व्हिप झुगारून सरकारविरुद्ध मत दिलं आणि आणखी बरेच जण मतदानाला आलेच नाहीत. सरकार २८१ विरुद्ध २०० असं जिंकलं, पण एरवी दोनशेच्या वर असणारं मताधिक्य ८१ वर आलं, आणि दोन दिवसांत चेंबरलेन पायउतार झाले. आज ज्याला लोक ब्रिटनच्या लोकशाहीचा सोन्याचा क्षण म्हणतात, तो निव्वळ पक्षादेश मोडण्यातून घडला.

आता तोच प्रसंग आपल्या घटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याखाली, आणून पाहा. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने ते आलं. त्यात लिहिलं आहे की पक्षाने दिलेल्या आदेशाविरुद्ध सदस्याने मत दिलं, किंवा मतदानाला गैरहजर राहिला, आणि पंधरा दिवसांत पक्षाने त्याला माफ केलं नाही, तर त्याचं सदस्यत्व जाईल. ठराव कुठलाही असो. म्हणजे ते चाळीस जण, आणि गैरहजर राहिलेलेही, आपल्याकडे अपात्र ठरले असते. भारताच्या कायद्यावरून व्हिपविरुद्ध मत देणाऱ्या डचेस १९३५ मध्येच घरी गेल्या असत्या, आणि १९३८ ची पोटनिवडणूक लढवायला उरल्याच नसत्या. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे परिशिष्ट तीन विरुद्ध दोन मतांनी वैध ठरवलं. दोन न्यायमूर्तींना ते पटलं नव्हतं, हेही विसरू नये.

हा कायदा का आला ते मला माहीत आहे. १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्द आपल्या भाषेत कायमचा बसला. सरकारं पाडायला पैसा वाहत होता. आमदाराला मोकळं सोडलं तर तो विकला जाईल, ही भीती खरी आहे. कुणी ती हसण्यावारी नेऊ नये. पण चाळीस वर्षांनी त्या कायद्याने काय थांबवलं ते पाहू. गोव्यात २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घेतली. सप्टेंबरमध्ये अकरापैकी आठ जण एकगठ्ठा भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांशांचं विलीनीकरण कायद्याला चालतं. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. २०२४ च्या जानेवारीत विधानसभाध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या एकाही आमदाराला अपात्र ठरवलं नाही. कुणाची बाजू न्याय्य होती यात मी शिरत नाही, तो वेगळा विषय आहे. मला दिसतं ते एवढंच, की एकटा उठून ‘हे मला पटत नाही’ म्हणणाऱ्याची खासदारकी जाते, आणि टोळीने उठून दुसऱ्या तंबूत जाणाऱ्यांची राहते. मतभेद आणि पक्षांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या कायद्याने त्या एका दावणीला बांधल्या, आणि मग दावं सोडलं ते नेमकं चुकीच्या जनावराचं.

पक्ष बदलायचा असेल तर मात्र लोकांकडे जावं, आणि तेही आधी. साताऱ्यात २०१९ मध्ये हे घडलेलं आपण पाहिलं आहे. उदयनराजे भोसले राष्ट्रवादीच्या तिकिटावर निवडून आले, काही महिन्यांत भाजपमध्ये गेले, पण खासदारकी सोडून गेले. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक लागली, भर पावसात शरद पवारांची सभा झाली, आणि लोकांनी श्रीनिवास पाटील यांना निवडून दिलं. निकाल कुणाला आवडला, कुणाला नाही. पण सातारकरांना विचारलं गेलं. सुरत-गुवाहाटीच्या वाटेवर कुठल्याही मतदारसंघाला विचारलं गेलं नव्हतं. लोकांची पाळी थेट २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली.

उपाय कुणाला सुचलेला नाही असं नाही. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्येच सांगून ठेवलं आहे की पक्षादेश मोडला म्हणून अपात्र ठरवायचं ते सरकारवरच्या विश्वास-अविश्वासाच्या मतदानापुरतं ठेवा. एवढं केलं तरी शेतीच्या विधेयकावर, धरणग्रस्तांच्या प्रश्नावर, भाषेच्या धोरणावर आपल्या भागाचं म्हणणं सभागृहात मतातून मांडायला आमदार मोकळा होईल. आणि पक्षांतराची दोन तृतीयांशांची पळवाट बुजवावी: एक जाऊ दे की आठ, राजीनामा आणि पोटनिवडणूक. लोक म्हणतील, पक्षादेश सैल केला तर पक्ष कोसळतील. मघाशी मी जे लक्षात ठेवायला सांगितलं ते हेच. १९३८ च्या हुजूर पक्षाकडे असा कुठलाही कायदा नव्हता, तरी त्याने एका डचेसला तिच्याच अंगणात पाडलं. तिकीट, गाड्या, पैसा आणि पाकिटातली चिठ्ठी पुरेशी होती. पक्ष इतके दुबळे नसतात. कायद्याचा आणखी एक दंडुका त्यांच्या हाती दिला, तर मोडतो तो फक्त एकटा माणूस.

आणखी एक फरक आहे. डचेसचं तिकीट कापलं ते पर्थशायरच्याच लोकांनी, तिथल्या पक्षसदस्यांनी, बैठकीत बहुमताने. त्यांच्या निर्णयाशी मी सहमत नाही, पण तो निर्णय तिथल्या मातीतला होता. आपल्याकडे तिकीट दिल्लीहून किंवा नेत्याच्या बंगल्यावरून येतं आणि तिथूनच कापलं जातं. वर पक्षादेशही तिथूनच. मग आमदाराचं तोंड कायम वर, मतदारसंघाकडे पाठ. गावातला माणूस पाणंद रस्त्याचा अर्ज घेऊन त्याच्याकडे जातो, तेव्हा तो आमदार मनापासून ऐकतो, पण सभागृहात त्याच्या बोटाला स्वतःची हालचाल नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

डचेस पुन्हा कधी संसदेत गेल्या नाहीत. युद्धानंतर पूर्व युरोपात सोव्हिएत सत्तेने ज्यांचा गळा घोटला त्या लोकांसाठी त्यांनी काम केलं. ‘लाल’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी तेव्हा शब्द मागे घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. १९६० मध्ये त्या गेल्या. तीन वर्षांनी, नोव्हेंबर १९६३ मध्ये, त्याच किनरॉस आणि पश्चिम पर्थशायरमध्ये आणखी एक पोटनिवडणूक झाली. पंतप्रधान झाल्यावर उमराव सभेचं सदस्यत्व सोडलेले अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम यांना खालच्या सभागृहात जागा हवी होती, आणि खासदाराच्या निधनाने रिकामी झालेली ही सुरक्षित जागा पक्षाने त्यांना दिली. ते सहज निवडून आले. १९३८ मध्ये ते लॉर्ड डनग्लास या नावाने चेंबरलेन यांचे संसदीय सचिव होते, आणि म्युनिकला त्यांच्याबरोबर गेले होते.